‘ने’ नेईल तिकडे

मुलुंडला आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं, त्यातलं समोरचं गुजराती. मुलुंडमध्ये समोरचं बिऱ्हाड गुजराती असणं ही काही बातमी नव्हे, नसतं तर सांगितलं असतं. समोरच्या भाभींचं मराठी माझ्या हिंदीपेक्षा चांगलं आहे. माझं गुजराती मात्र ‘केम छो’ला सुरू होतं आणि ‘मजामां’ला संपतं. तरीही आपल्याला गुजराती समजतं, असा माझा पक्का समज होता. लिपी म्हणजे वरची रेघ पुसलेली देवनागरी आणि भाषा म्हणजे शेवटी ‘छे’ लावलेली मराठी. इतकं सोपं असताना शिकायचं काय?

हा समज एका रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला मोडला.

त्या वेळी समोरच्यांकडे भाईंच्या आई, म्हणजे बा, भावनगरकडच्या गावाहून राहायला आल्या होत्या. बांना गुजरातीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती आणि यावी असं त्यांना वाटतही नव्हतं. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर बा उभ्या. हातात झाकलेली वाटी, चेहरा गंभीर. मागे त्यांचा नातू मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळतोय. बांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या,

“तमारा छोकराने मारा छोकराए मार्यो.”

मी मनातल्या मनात झरझर भाषांतर केलं. ‘तमारा छोकराने’, म्हणजे तुमच्या पोराने. इथवर शंकेला जागाच नव्हती. पुढे आलं ‘मारा’. हे तर शुद्ध मराठी. आज्ञार्थ, अनेकवचन, आदरार्थी. शेवटी ‘मार्यो’, म्हणजे मारलंन. थोडक्यात, तुमच्या पोराने आमच्या पोराला मारलंय, तेव्हा तुम्ही त्याला मारा. सत्तरीच्या बाई दारात येऊन इतक्या स्वच्छ शब्दांत सांगतायत म्हटल्यावर विचार करत बसणं बरं दिसलं नसतं.

चिरंजीव तेव्हा चौथीत होते. आतल्या खोलीत पलंगावर कोपराला ओला रुमाल गुंडाळून बसले होते. गुन्हेगार लपून बसलाय, असा मी अर्थ काढला आणि पाठीत एक धपाटा घातला.

“बाबा, अहो...”

“एक अक्षर बोलू नकोस!”

भानगड खरं तर एका अक्षराचीच होती, पण ते तेव्हा कोणाला ठाऊक?

दारातून बा “अरे अरे, शुं करो छो!” असं ओरडल्या. मला वाटलं, बाई मनाच्या मोठ्या आहेत, शिक्षा मागतात पण बघवत नाही. मग त्यांनी वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, “ल्यो ने.” घ्या आणि ने. इथे व्याकरण जरा एकवचन-अनेकवचनात अडखळलं, पण मी वाटी घेतली आणि आत नेली. वाटीत सुखडी होती. तुपात गव्हाची कणीक भाजून गूळ घातलेली, अजून कोमट. तक्रार घेऊन येतानाही खाऊ आणणारी माणसं पाहून मला भरून आलं. दोन वड्या मी खाल्ल्या. चिरंजीवांना दिल्या नाहीत. शिक्षा म्हणून.

संध्याकाळी भाई आले तेच हसत. “अहो, बा माफी मागायला आल्या होत्या. आमच्याने तुमच्याला बॅट मारली कोपरावर. तर तुम्ही तुमच्यालाच धुतलात! बा दुपारपासून जेवल्या नाहीत. म्हणतात, हे मराठी लोक फार कडक.”

“पण त्या तर ‘तमारा छोकराने’ म्हणाल्या.”

“हो, मग? तमारा छोकराने, म्हणजे तुमच्या मुलाला.”

“मुलाला? मग मुलाने कसं म्हणता?”

“छोकराए.”

“आणि ‘मारा’?”

“मारा म्हणजे माझ्या.”

मी खुर्चीत बसलो.

म्हणजे बघा. मराठीत ‘रामाने’ म्हटलं की राम मारणारा. गुजरातीत ‘रामने’ म्हटलं की राम मार खाणारा. ‘रामे रावणने मार्यो’ हे गुजराती वाक्य ऐकून दसऱ्याच्या दिवशी एखादा मराठी माणूस हादरून जाईल, कारण त्याच्या कानाला रावणाने बाजी मारलेली असते. रामायण तेच, बाण तेच, लंका तीच. एका ‘ने’ने निकाल फिरवला. मराठीतला ‘ला’ जे काम करतो ते गुजरातीत ‘ने’ करतो. मने म्हणजे मला, तने म्हणजे तुला. एवढ्याने भागत नाही म्हणून गुजराती ‘ने’ फावल्या वेळात ‘आणि’चं कामही बघतो. ‘राम ने सीता’ म्हणजे राम आणि सीता. शिवाय आग्रहाला वेगळा. ‘ल्यो ने’ म्हणजे घ्या ना, ‘बेसो ने’ म्हणजे बसा ना. आणि ‘छे ने?’ म्हणजे आहे ना? एका कारकुनाला चार टेबलं दिलेली असावीत तसा प्रकार.

मी चिरंजीवांची माफी मागितली. त्यांनी दोन वड्या आणि एक आइसक्रीम या दराने ती दिली. त्या व्यवहारात ते जे म्हणाले ते मात्र माझ्या डोक्यात राहिलं. ते म्हणाले, “बाबा, मार मीच खाल्ला आणि मीच दोनदा खाल्ला.”

आता हेही बघा. ‘त्याने मार खाल्ला’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो. इथे ‘ने’ कोणाला लागला? मार खाणाऱ्याला! म्हणजे गुजरात्यांकडे बोट दाखवायचं कारण नाही, आमच्याही घरात तीच रड आहे. फरक इतकाच की आम्ही मारही ‘खातो’, आणि खाणारा म्हटला की तो कर्ता. काठी दुसऱ्याच्या हातात, वळ याच्या पाठीवर, आणि व्याकरण म्हणतं की सगळं यानेच केलं. पोलीस पंचनाम्यात याहून वेगळं काय असतं?

शाळेत आम्हाला विभक्तीचे प्रत्यय पाढ्यासारखे पाठ करायला लावत. स, ला, ते. ने, ए, शी. अर्थ कोणी विचारायचा नाही. तृतीयेचा प्रत्यय ‘ने’, इतकं म्हणता आलं की एक मार्क नक्की. मास्तर फळ्यावर लिहीत, ‘रामाने सुरीने आंबा कापला’. आम्ही वहीत उतरवून घेत असू. रामालाही ‘ने’ आणि सुरीलाही ‘ने’, म्हणजे मराठी व्याकरणाच्या दृष्टीने राम आणि सुरी एकाच बाकावरचे, ही गोष्ट तेव्हा खटकली नाही. गुजरातीत सुरीला ‘थी’ लागतो, हिंदीत ‘से’. माणूस आणि हत्यार यांत फरक करण्याची जरुरी त्या लोकांना वाटली. आपल्याला नाही. आपण बसने जातो, पावसाने झोडपले जातो, तापाने फणफणतो, नाइलाजाने हो म्हणतो आणि मुकाट्याने ऐकून घेतो. राम, सुरी, बस, पाऊस, ताप, नाइलाज, सगळ्यांना एकच ‘ने’. लिफ्ट बंद पडली की आमच्या मजल्यावर याच ‘ने’चा आणखी एक अवतार ऐकू येतो, “माझ्याच्याने नाही हो चढवत.” इथे तर ‘ने’ लागलेला माणूस काही करत नाही, करूच शकत नाही, हेच सांगायचं असतं.

गंमत म्हणजे एवढ्या सढळ हाताने वाटलेला हा प्रत्यय दोन माणसांना लागत नाही. मी आणि तू. रामाने आंबा खाल्ला, सीतेने खाल्ला, त्याने खाल्ला, तिने खाल्ला. पण मी? मी आंबा खाल्ला. तू खाल्लास. ‘मीने’ नाही आणि ‘तूने’ नाही. जुन्या मराठीत ‘म्यां’ आणि ‘त्वां’ अशी खास रूपं होती. ‘म्यां केले’ म्हणताना माणूस कर्तेपणाची पावती फाडून देत असे. पुढे ती रूपं निवृत्त झाली. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली आलं, त्याच्याही आधी दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये व्याकरण लिहिलं. या मंडळींनी ‘ने’चा सगळा हिशेब मांडून ठेवला आहे, पण ‘मी’ला त्यातून सूट का मिळाली असावी यावर माझं स्वतःचं एक मत आहे. कप फुटला की आपण काय म्हणतो ते आठवा. दुसऱ्याच्या हातून फुटला तर ‘त्याने फोडला’. आपल्या हातून फुटला तर ‘फुटला’. अशा भाषेत ‘मी’ला ‘ने’ लावून कोण घेईल?

बोलताना आपण ‘ने’चा ‘नं’ करतो, रामानं, बसनं, तापानं. म्हणजे ज्याच्यावर कोण-कुणाला-मारलं हे सगळं अवलंबून, त्याचा आवाजही धड काढत नाही. शिवाय मराठीत ‘ने’ नावाचं एक अस्सल क्रियापदही आहे. “जाताना तेवढा डबा ने.” त्यातून नेने आडनावाच्या माणसाला तृतीयेत बसवायचं म्हणजे कसरतच. ‘नेन्यांनी नेलं’ म्हणायचं की ‘नेनेंनी नेलं’, यावर मी एका लग्नघरात अर्धा तास वाद ऐकला आहे. वाद अहेराच्या पातेल्यावरून सुरू झाला होता. ते पातेलं नेमकं कोणी नेलं हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण अनेकवचनाचा निकाल लागला. बरं, जुन्या मराठीत ‘मी नेणे’ म्हणजे मी घेऊन जातो असं नव्हे, तर मला ठाऊक नाही. जाणत्या-नेणत्यांमधला नेणता तो हाच. एकाच घरातली ही जुळी भावंडं. एक घेऊन जातो आणि दुसऱ्याला काही माहीतच नसतं. पातेल्याच्या बाबतीत दोघांनीही साक्ष दिली असती.

सुखडीच्या प्रकरणानंतर मला ‘ने’ दिसायचा छंदच लागला. ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी आठवडाभर दिल्लीत होतो. शेजारच्या टेबलावरचा तरुण पाच वाजता उठला, बॅग उचलली आणि म्हणाला, “मैंने जाना है.” आपण शाळेत हिंदी शिकलेलो. मैंने जाना है, म्हणजे मी जाणलं आहे. मला काहीतरी उमगलं आहे. मी पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिलो. काय जाणलंस बाबा, सांग. तो माझ्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, “भाईसाब, मेट्रो निकल जाएगी.” पंजाबीच्या शेजाराने दिल्लीकरांच्या तोंडी हा ‘ने’ बसला आहे, त्यांना म्हणायचं असतं ‘मुझे जाना है’. पुस्तकी हिंदीत ‘ने’ झालेल्या कामाला लागतो. दिल्लीत तो व्हायच्या कामालाही लागतो. ॲडव्हान्स दिल्यासारखा.

त्याच दिल्लीत हरियाणाच्या टॅक्सीवाल्याला पत्ता विचारला तर तो म्हणाला, “मन्ने के बेरा?” मला काय माहीत? तिकडे ‘मन्ने’ म्हणजे मलाही आणि मीही. मारणाऱ्यालाही ‘ने’, मार खाणाऱ्यालाही ‘ने’. दोन्ही पक्षांना एकच वकील. मग निवाडा कसा होत असेल? होतो. संदर्भाने होतो, आणि तिथल्या माणसांचा आवाज ऐकला की संदर्भ लगेच ध्यानात येतो.

पंजाबात तर ‘ने’ने पुढची मजल मारली आहे. तिथे तो प्रत्यय आहेच, शिवाय चक्क क्रियापद झाला आहे. ‘ओह आए ने’ म्हणजे ते आले आहेत. ‘ने’ म्हणजे ‘आहेत’. आणि पूर्वेला बिहारकडे जावं तर ‘ने’ गायब. ‘हम खाए’ म्हणून माणूस मोकळा. मला बिहारी मंडळींचा हेवा वाटतो तो यासाठी, कारण हिंदीत मराठी माणसाची फजिती याच ‘ने’पाशी होते. ‘ने’ आला की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं, आणि मग कर्माचं लिंग ठाऊक असावं लागतं. मराठीत चहा घेतला, कारण चहा पुरुष. हिंदीत चाय बाई आहे. आपण ऐटीत सांगतो, “मैंने चाय लिया,” आणि समोरचा उत्तरेकडचा माणूस चेहऱ्यावर काही न दाखवता आपण मराठी असल्याची नोंद करून घेतो. हैदराबादच्या दखनीने यावर झकास तोड काढली, ‘ने’च टाकला. ‘मैं चाय पिया.’ संपलं.

हे सगळं ‘ने’चंच नशीब आहे असं मात्र नाही. आमच्या सोसायटीचा रखवालदार नेपाळी आहे आणि तळमजल्यावर पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशी अकोल्याच्या. मावशी ‘माले सांग, त्याले सांग’ म्हणतात. त्यांचा ‘ले’ म्हणजे आपला ‘ला’. नेपाळीत ‘ले’ म्हणजे आपला ‘ने’. एकदा जिन्याखालच्या मांजराने कोणाचं तरी दूध सांडलं. रखवालदाराने त्याच्या भाषेत विचारलं, “कसले?” म्हणजे कोणी? मावशी म्हणाल्या, “कसले काय, गाईचे!” दोघंही आपापल्या परीने बरोबर होती आणि दूध जमिनीवरच होतं.

हा ‘ने’ मुळात आला कुठून, हेही जरा शोधून पाहिलं. जुने पंडित म्हणत की संस्कृतातल्या तृतीयेच्या ‘एन’मधून, ‘देवेन’मधल्या. नंतरच्यांनी त्यावर शंका काढल्या. त्यांतलं मला सगळ्यांत आवडलेलं नाव लुइजी पिओ तेस्सितोरी. हा इटलीतल्या उदिने गावचा. जन्म 1887 चा. जुन्या राजस्थानीचा त्याला इतका लळा की तो 1914 मध्ये हिंदुस्थानात आला, बिकानेरला राहिला, उंटावरून गावोगाव फिरून पोथ्या आणि शिलालेख गोळा केले आणि 1919 मध्ये तिथेच वारला. त्याने मांडलं की तिकडच्या ‘ने’चं मूळ ‘कर्ण’ या शब्दात, म्हणजे कानात आहे. कानाशी म्हणजे जवळ. मारवाडीत आजही ‘म्हारै कनै’ म्हणजे माझ्यापाशी. ‘जवळ’चा झाला ‘कडे’, ‘कडे’चा झाला ‘ला’. गुजराती-मारवाडी ‘ने’ची वंशावळ कानाला जाऊन भिडते हे मला एकदम पटलं, कारण माझ्याही बाबतीत घोळ कानापाशीच झाला होता. शिवाय तेस्सितोरीच्या मातृभाषेतही एक ‘ने’ होता! इटालियनमध्ये ‘ने’ म्हणजे ‘त्यातलं’. दुकानात सफरचंदं दाखवून दोन हवी असतील तर ‘ने’ घालून दोन मागायची, म्हणजे त्यातली दोन. बिकानेरच्या बाजारात त्याने कोणता ‘ने’ वापरला असेल कोण जाणे.

देशाबाहेरचे ‘ने’ मला मेव्हण्याने आणून दिले. तो जहाजावर नोकरीला होता. ग्रीसच्या पिरेअस बंदरात उतरून तो एका दुकानात शिरला आणि खुणा करत विचारलं, चहापत्ती आहे का? दुकानदार म्हणाला, “ने.” मेव्हणा चिपळूणचा. ‘ने’ ऐकल्यावर त्याला ‘नाही’ ऐकू आलं. पुढच्या दुकानात गेला. तिथेही “ने”. तिसऱ्यात “ने”. अख्ख्या बंदरात चहा मिळत नाही म्हणून देशाला शिव्या देत परतला. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो, हे त्याला जहाजावरच्या स्वयंपाक्याने सांगितलं.

पुढे जहाज काळ्या समुद्रात शिरून बल्गेरियाच्या वार्ना बंदराला लागलं. मेव्हणा आता शहाणा झाला होता. बसच्या दारात उभं राहून ड्रायव्हरला विचारलं, बंदर? बंदर? ड्रायव्हर म्हणाला, “ने,” आणि वर मान हलवली. मान हलली, ‘ने’ आला, आणखी काय हवं? मेव्हणा चढला आणि बंदराच्या बरोबर उलट दिशेला पोहोचला. बल्गेरियनमध्ये ‘ने’ म्हणजे नाही. आणि तिथली माणसं नाही म्हणताना मान खालीवर करतात, हो म्हणताना आडवी हलवतात. म्हणजे शब्दाने फसला नसता तर मानेने फसलाच असता. खरं तर घराण्याच्या हिशेबाने त्याची पहिली समजूत चूक नव्हती. आपला ‘न’, बल्गेरियन-सर्बियन-चेक लोकांचा ‘ने’, फ्रेंचांचा ‘ने’ हे सगळे एकाच खापरपणजोबाचे नकार. ग्रीकांनी तो सोडून दिला आणि वर त्याच आवाजाचा होकार पैदा केला. चेक माणूस तर ‘नो’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला ‘हो, बरं’ म्हणायचं असतं. त्याच्याशी सौदा करताना काय होत असेल ते आपण न पाहिलेलंच बरं.

पिरेअस आणि वार्नाच्या मध्ये इस्तंबूल लागलं होतं. तिथे मेव्हण्याला काही त्रास झाला नाही, कारण तिथे ज्याला त्याला काहीही विचारलं की तोच उलट विचारायचा, “ने?” तुर्कीत ‘ने’ म्हणजे काय.

हे तीन देश नकाशात शोधले तर एदिर्ने नावाच्या तुर्की शहराजवळ एका नदीच्या काठाने त्यांच्या हद्दी मिळतात. त्या जागेची मला फार ओढ लागली आहे. तिथे तिघं जण उभे असावेत. तुर्क विचारतो, “ने?” ग्रीक म्हणतो, “ने.” बल्गेरियन म्हणतो, “ने.” काय? हो. नाही. एका अक्षरात प्रश्न, होकार आणि नकार. बैठक संपली, इतिवृत्त तयार. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला याहून वेगळं काही निष्पन्न होत नाही, वेळ मात्र तीन तास जातो.

माझी भाची अकरावीला आहे. मार्क मिळतात म्हणून तिने फ्रेंच घेतलंय आणि मार्क जातात म्हणून कोरियन मालिका बघते. तिच्याकडून कळलं की फ्रेंचमध्ये नकाराला दोन शब्द लागतात, क्रियापदाच्या आधी ‘ने’ आणि नंतर ‘पा’. नकाराचं मूळ काम ‘ने’चं. ‘पा’ म्हणजे नुसतं पाऊल, जोर द्यायला ठेवलेला मदतनीस. ‘एक पाऊलही चालत नाही’ यातला. पण बोलताना फ्रेंच लोक आता ‘ने’ गाळतात आणि एकट्या ‘पा’वर भागवतात. मालक घरी आणि मदतनीस गल्ल्यावर, हे आमच्या बाजारपेठेतही पाहिलेलं आहे. जपानीत वाक्याच्या शेवटी येणारा ‘ने’ म्हणजे ‘नाही का?’ तो ऐकून बा म्हणाल्या असत्या, “छे ने?” जपानी आजींशी त्यांचं चांगलं जमलं असतं.

कोरियन मालिकेत फोन वाजला की नायिका “ने, ने, ने” करते. अदबीने हो. फक्त त्या लोकांचा ‘न’ आपल्या कानाला ‘द’सारखा येतो. त्यामुळे परवा सौ. आतून म्हणाली, “कोण सारखं दे-दे करतंय? आणि काय हवंय तिला?” हवाई बेटांवर एक हंस आहे, त्याचं नाव त्याच्या ओरडण्यावरून ‘नेने’ पडलं आणि तो तिथला राज्यपक्षी आहे, हेही भाचीनेच सांगितलं. ते मी लग्नघरातल्या त्या मंडळींना अजून कळवलेलं नाही.

बांचा मुक्काम संपायच्या आठवड्यात पुन्हा एक रविवार आला. दुपारी खालून काच फुटल्याचा आवाज झाला. तळमजल्याच्या जिन्याची खिडकी. सेक्रेटरींनी दोन्ही बिऱ्हाडांच्या चिरंजीवांना रांगेत उभं केलं. आम्ही सगळे जिन्यात जमलो, बा कठड्याशी. मी या वेळी हात मागे बांधून उभा होतो.

“काच कोणी फोडली?” सेक्रेटरींनी विचारलं.

“बॉलने,” आमचे चिरंजीव म्हणाले.

“आणि बॉल कोणी मारला?”

“बॅटने.”

दोन्ही उत्तरं तृतीयेत, बिनचूक. मास्तर असते तर दोन मार्क दिले असते. सेक्रेटरी समोरच्या मुलाकडे वळले. “तू सांग. बॅट कोणाच्या हातात होती?”

त्याने आधी बांकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

“मने खबर नथी,” तो म्हणाला.

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. “काय म्हणतोय तो? तुम्हाला गुजराती येतं ना?”